शोधपृष्ठावरचे उपरी

पेशवाईतील महसुली दप्तरांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात: ज्याचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेने चालत आलेला असे आणि सारा भरीत असेतोवर ज्याला सहसा कोणी उठवीत नसे तो मिरासदार, आणि कौल-कराराने मुदतीपुरती जमीन कसणारा तो उपरी. शोधयंत्राच्या पृष्ठावर संकेतस्थळाला अग्रस्थान मिळवून देण्याची जी विद्या ‘एसईओ’ या नावाने गेल्या पाव शतकात एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसली, तिचा इतिहास चाळताना हा भेद मला वारंवार आठवतो. कारण या व्यवसायात ज्यांनी ज्यांनी स्वतःला मिरासदार मानले, ते वस्तुतः उपरीच होते.

लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी १९९८ साली गूगलची स्थापना केली, तेव्हा शोधपृष्ठ म्हणजे दहा निळे दुवे आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचा उतारा, इतकेच होते. २००० च्या ऑक्टोबरात ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातीची योजना आली, तरी ‘पहिला क्रमांक’ आणि ‘वाचकाची पहिली नजर’ हे दोन शब्दप्रयोग बहुतांशी समानार्थीच राहिले. ही समानार्थता मोडली ती मे २००७ मध्ये. ‘युनिव्हर्सल सर्च’ या नावाने बातम्या, चित्रे, चित्रफिती, नकाशे आणि पुस्तके त्याच एका यादीत मिसळू लागली, आणि ज्याचा क्रमांक तसूभरही ढळला नव्हता असे संकेतस्थळही चित्रांच्या एका पट्टीमुळे पडद्याच्या खालच्या काठाशी जाऊन पडू लागले. क्रमांक कायम, पण क्लिक घटले, हा अनुभव या व्यवसायाच्या पदरी तेव्हापासून आला.

२००९ साली ‘रिच स्निपेट’ आले, आणि दुव्याखाली तारांकित अभिप्राय दिसू लागले. २०११ च्या जूनमध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक परिभाषा सिद्ध केली, आणि आपल्या पानांतील माहिती यंत्राला कळेल अशा खुणांनी मांडून देण्याचे काम संकेतस्थळांच्या गळ्यात पडले. त्याच वर्षी लेखकाचे छायाचित्र दुव्याशेजारी झळकू लागले. ते मिळावे म्हणून असंख्य लेखकांनी गूगल प्लसवर खाती उघडली, पाने जोडली, आणि २०१४ च्या जूनमध्ये ती छायाचित्रे व ऑगस्टमध्ये ती योजनाच मावळली. याहून बोलका प्रसंग उताऱ्याच्या लांबीचा. सुमारे १६० अक्षरांचा उतारा डिसेंबर २०१७ मध्ये दुपटीच्या घरात गेला, तेव्हा अनेकांनी आपल्या पानांची वर्णने एकेक करून लांबविली. अर्धे वर्ष लोटण्यापूर्वीच, मे २०१८ मध्ये, उतारा पूर्ववत आखूड झाला आणि मेहनतीने लिहिलेली वाक्ये मध्येच तीन टिंबांत विरू लागली. नवे पीक उभे होते न होते तोच बांध सरकावा, तशी ही गत.

परंतु बांध सरकणे निराळे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर जाणे निराळे. मे २०१२ मध्ये ५० कोटी वस्तूंची आणि ३५० कोटींहून अधिक तथ्यांची नोंद घेऊन ‘नॉलेज ग्राफ’ अवतरला आणि व्यक्ती, स्थळे, सनावळी यांची उत्तरे पृष्ठावरच मिळू लागली. पुढे एखाद्या संकेतस्थळातील नेमका परिच्छेद उचलून सर्वांत वर मांडणारा ‘फीचर्ड स्निपेट’ आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकावरील उजव्या बाजूच्या जाहिराती निघाल्या आणि काही शोधांत वरच्या बाजूस चार-चार बसल्या. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेत, ऑगस्टमध्ये भारतात, अनेक पानांचा मजकूर वाचून यंत्राने रचलेला सारांश सर्वांच्या माथ्यावर आला. जे पृष्ठ एकेकाळी वाटाड्या होते, ते स्वतःच मुक्कामाचे ठिकाण झाले.

वाचकाला उत्तर लवकर मिळते, ही सोय खरीच आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याने ते उत्तर मुळात शोधले, तपासले आणि लिहिले, त्याच्या दारापर्यंत वाचक पोहोचलाच नाही, तर पुढच्या वर्षी ते लिहावयास तो उरेल कसा, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. म्हणून या इतिहासातून संकेतस्थळाच्या धन्याने घ्यावयाचा बोध माझ्या मते एकच: पृष्ठाची मांडणी बदलेल तसे आपले शेत अवश्य नांगरावे, पण आपला वसूल त्या एकाच शेतावर अवलंबून ठेवू नये. शोधाच्या चौकटीत प्रश्न न टाकता जो वाचक संकेतस्थळाचे नावच टंकतो आणि थेट आत येतो, तो कोणत्याही मांडणीच्या फेरफाराने उठविला जात नाही. या व्यवसायात मिरासपत्र म्हणून काही असेलच, तर ते त्याच्याच हातचे असते.