पीटर्सबर्गची श्वानशाळा

ओल्डेनबुर्गचे राजपुत्र अलेक्झांडर यांच्या औदार्याने सेंट पीटर्सबर्ग येथे १८९० साली प्रायोगिक वैद्यकाची जी संस्था उभी राहिली, तिच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची सूत्रे रियाझानच्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र इव्हान पेट्रोव्हिच पावलोव्ह यांच्या हाती आली, आणि पदवीसाठी प्रबंध लिहू इच्छिणारे तरुण वैद्य तेथे शागीर्दी करू लागले. श्वानांच्या जठरातून काढलेला पाचकरस अग्निमांद्याच्या रुग्णांना विकून विभागाच्या खर्चाची काही तरतूद होत असे. याच पचनसंशोधनाबद्दल १९०४ साली पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु पारितोषिक मिळण्यापूर्वीच त्यांचे चित्त अन्यत्र गुंतले होते. लाळपिंडाची नलिका शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणलेल्या कुत्र्याच्या लाळेचा थेंबन्‌थेंब मोजता येई. आणि अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या सेवकाच्या पावलांच्या चाहुलीनेच लाळ पाझरू लागे. पचनाच्या अभ्यासकाला हा निव्वळ व्यत्यय होता. तोच व्यत्यय अभ्यासाचा विषय करण्याचे धैर्य पावलोव्ह यांनी दाखविले, यातच मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. १९०३ साली माद्रिद येथील वैद्यकपरिषदेत त्यांनी हा विषय विद्वानांपुढे मांडला.

आज मानसशास्त्र ज्याला अभिजात अभिसंधान म्हणते, त्याची घडण अशी: मेट्रोनोमची टिकटिक स्वभावतः लाळ आणीत नाही, अन्न आणते, पण टिकटिकीमागोमाग अन्न, असा क्रम पुनःपुन्हा घडला, म्हणजे एकटी टिकटिकही लाळ आणू लागते. हा क्रम उलटा केला, अन्न आधी आणि टिकटिक मागाहून ठेवली, तर हा संबंध सहसा जुळत नाही. जुळलेला संबंधही, अन्नावाचून नुसती टिकटिक वारंवार ऐकविली असता, विरत जातो. परंतु काही काळाच्या विसाव्यानंतर तो अंशतः पुन्हा प्रकटतो, म्हणजे विरणे हे समूळ पुसले जाणे नव्हे. टोचणीचा अनुभव घेतलेले मूल स्पिरिटच्या नुसत्या वासाने रडू लागते, आणि मधल्या सुट्टीच्या घंटेने शाळकरी पोराच्या तोंडाला पाणी सुटते, तेव्हा हीच घडण आपल्या घरांतून चाललेली असते.

अशा सूक्ष्म क्रियेला दाराची करकर, रस्त्यावरील गाडीचा खडखडाट, फार काय, प्रयोगकर्त्याचा श्वासदेखील बाधक ठरतो. म्हणून मॉस्कोच्या लेदेन्त्सोव्ह संस्थेच्या द्रव्यसाहाय्याने १९१० नंतर जाड भिंतींची एक स्वतंत्र इमारत बांधण्यात आली. तिच्याभोवती खंदक होता. आत कुत्रा एका खोलीत, प्रयोगकर्ता बाहेर, आणि उद्दीपके व अन्न यांची सारी व्यवस्था दुरून चाले. ज्ञानासाठी एवढ्या निग्रहाने नीरवता निर्माण केल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत.

क्रांतीनंतरच्या दुष्काळात माणसांनाच भाकर मिळेना, तेथे श्वानांची कथा ती काय! अनेक कुत्री दगावली, काम जवळजवळ थांबले. अखेर जानेवारी १९२१ मध्ये लेनिनच्या सहीचे फर्मान निघाले आणि पावलोव्ह यांच्या संशोधनाची व शिधासामग्रीची सरकारी तजवीज झाली.

पुढे २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेवा नदीचे पाणी लेनिनग्राडात, म्हणजे पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गात, शिरले. श्वानगृहातील कुत्र्यांना सेवकांनी पोहवत, मोठ्या शर्थीने प्रयोगशाळेच्या इमारतीत आणले. जीव वाचले, पण त्यांतील एका कुत्र्याचे परिश्रमपूर्वक जुळविलेले संबंध पुरानंतर लोपल्याचे आढळले. ते हळूहळू पूर्ववत झाल्यावर एके दिवशी दाराखालून खोलीत पाण्याची बारीक धार सोडली, तो कुत्रा भयभीत झाला आणि संबंध पुन्हा ढासळले. जी घडण तोवर लाळेच्या थेंबांत मोजली जात होती, तीच आता भीतीच्या रूपाने, कोणी न शिकविता, समोर उभी राहिली. पावलोव्ह यांनी आपल्या व्याख्यानांत या प्रसंगाला आवर्जून स्थान दिले, आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंतच्या अखेरच्या वर्षांत ते मनोरुग्णांच्या चिकित्सालयांत जाऊन माणसाच्या व्याधींकडे याच दृष्टीने पाहत राहिले.