‘तो’ म्हणजे कोण?

चलथाणहून सुरतेचा किल्ला तासाभराच्या वाटेवर आहे. साखर कारखाना आणि उसाचे मळे मागे टाकून आमची मुले तिथे सहलीला जातात. बहुतेक घरे खानदेशातून पोटासाठी इकडे आलेली. त्यामुळे सुरतेची स्वारी वर्गात शिकवताना आम्ही नेमके कोणत्या बाजूचे, असा प्रश्न दरवर्षी निघतोच. गेल्या वर्षी शाळेच्या हस्तलिखितासाठी नववीतल्या एका मुलाने या स्वारीतलाच एक प्रसंग कथारूपाने लिहून आणला.

प्रसंग जानेवारी १६६४ मधला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला. वाटाघाटीच्या मिषाने त्याने एक तरुण वकील शिवाजी महाराजांकडे धाडला. वकिलाने एकाएकी खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. पहाऱ्यावरच्या शिपायाने तलवारीने हात छाटला, पण झेपेचा जोर असा की वकील तसाच महाराजांवर आदळला आणि दोघेही कोसळले. महाराजांच्या अंगावर रक्त पाहून सैन्याला वाटले, घात झाला! कैद्यांना कापून काढा, अशी ओरड उठली. तेवढ्यात महाराज उठून उभे राहिले आणि कत्तल थांबवली. (काही कैद्यांना मागाहून कठोर शिक्षा झाल्याच, तेही लपवू नये.) इंग्रजांच्या वखारीतील पाद्री एस्केलियट याने सर थॉमस ब्राऊन याला पाठवलेल्या पत्रात ही हकीकत आहे.

आमच्या चिरंजीवांनी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून लिहिले होते: ‘त्याने त्याच्यावर झेप घेतली, पण त्याने त्याचा हात तोडला, तरी तो त्याच्यावर पडला आणि त्याचे रक्त त्याला लागले.’ मी विचारले, “अरे, हात कोणाचा तुटला?” उत्तर आले, “सर, मला माहीत आहे ना!”

त्याला माहीत होते, यात शंका नाही. पण मराठीत अशा जागी क्रियापदही मदतीला येत नाही. ‘त्याने हात तोडला’ यातले ‘तोडला’ हाताच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तोडणारा पुरुष की स्त्री, एक की अनेक, याचा पत्ता देत नाही. कर्ता धुसर झाला की सगळे वाक्यच धुसर.

मी लाल शाई घेतली आणि प्रत्येक ‘तो’ खोडून नाव घातले. वकिलाने महाराजांवर, शिपायाने वकिलाचा, वकील महाराजांवर... वाचून पाहिले तर पोलिसी पंचनामा! चूक माझी होती. तीस वर्षे व्याकरण शिकवूनही हे झाले.

मग सभासदाची बखर काढली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. अफझलखानाच्या भेटीत खान आणि राजे ही दोन पदे सभासद पुन्हा पुन्हा घेतो, लाजत नाही. पण कर्ता तोच असेल तिथे काहीच घालत नाही. आपल्या भाषेत ते सहज जमते. ‘खंजीर उपसून, झेप घेऊन’ म्हटले की ‘ऊन’ हा प्रत्ययच कर्त्याला पुढच्या क्रियेपर्यंत ओढत नेतो. शिवाय आदरार्थी बहुवचन आहे: ‘वकील पडला’, ‘महाराज उठले’. ‘आपला हात’ आणि ‘त्याचा हात’ यांतला भेद तर घरात आहिराणी बोलणारी पोरेही चटकन ओळखतात. मी फळ्यावर लिहून पाहिले.

मुलाने पुन्हा लिहिले. ‘वकिलाने खंजीर उपसला. झेप घेतली. शिपायाची तलवार खाली आली, हात तुटला, पण धाव थांबली नाही.’ नावे जेमतेम तीन ठिकाणी. पुढे मात्र त्याने एक वाक्य माझ्या सूचनेविरुद्ध तसेच ठेवले: ‘तो पडला, तो पडला, असे सगळे ओरडू लागले.’

मी म्हटले, “इथे कोण ते स्पष्ट कर.”

“नाही सर,” मुलगा म्हणाला, “तेव्हा त्यांनाही कळले नव्हते.”

हस्तलिखितात ते वाक्य तसेच छापले... म्हणजे लिहिले गेले, सुवाच्य अक्षरात.