लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : पूर्वतयारी व नंतरची देखभाल

जठर लहान करून, किंवा त्यासोबत लहान आतड्याची वाट बदलून, वजन आणि वजनाशी निगडित विकार आटोक्यात आणणारी शस्त्रक्रिया. वैद्यकात तिला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. लायपोसक्शनशी तिचा संबंध नाही; हिच्यात चरबी काढली जात नाही. एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात केलेली जठराची बायपास ही आजच्या पद्धतींची पूर्वज मानली जाते. 1990 च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि मोठा छेद टळला. भारतात या शाखेतील शल्यविशारदांची ‘ओसी’ ही संघटना 2002 मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो वृत्तपत्रांतून. नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 500 किलो वजनाची म्हणून गाजलेली इजिप्तमधील महिला मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली व सैफी रुग्णालयात तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. किती वजन घटले व प्रकृती किती सुधारली याबाबत डॉक्टर आणि नातेवाईक यांची विधाने जुळली नाहीत. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवण्यात आले. सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले.

प्रकार : स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग स्टेपलरने कापून काढतात व उभी अरुंद नळी राखतात. भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा स्रोत कापलेल्या भागात असल्याने भूकही मंदावते. बायपासमध्ये सुमारे 30 मिलिलीटरची पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. तीव्र आम्लपित्त असणाऱ्यांना स्लीव्हपेक्षा बायपास सुचवण्याकडे कल असतो. कोणती पद्धत श्रेष्ठ, याबाबत एकमत नाही.

पात्रता : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय हा मुख्य निकष. अमेरिकेत 1991 साली ठरलेली मर्यादा 40, आणि सहव्याधी असल्यास 35 होती. भारतीयांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. अशा निरीक्षणांवरून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणून 37.5, व सहव्याधी असल्यास 32.5 अशी सुचवण्यात आली. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली, 27.5 पर्यंत आली. विमा नियामकाची 2019 ची प्रमाणित अट मात्र जुन्या आकड्यांवरच थांबली आहे: 40, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध (झोपेत श्वास अडकणे) वा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी. त्यामुळे 33 बीएमआयचा मधुमेही डॉक्टरच्या लेखी पात्र आणि विमा कंपनीच्या लेखी अपात्र ठरू शकतो. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ही शस्त्रक्रिया मुख्यतः खासगी रुग्णालयांत होत असल्याने हा फरक थेट खिशाला लागतो.

पूर्वतयारी : साधारण काही आठवड्यांची. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, लोह, बी-12 व ड जीवनसत्त्व तपासतात. पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून जठराची तपासणी करतात. भारतात ड आणि बी-12 यांची कमतरता पुष्कळांत आधीचीच असते. ती शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढावी लागते, कारण नंतर पोटातून शोषण कमी होते. घोरणाऱ्यांची झोपेची चाचणी होते. श्वास अडकत असल्यास मास्कचे यंत्र आधीपासून सुरू करतात.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद करणे आवश्यक असते. सिगारेटची चौकशी सगळेच करतात; मशेरीची विचारायची राहून जाते आणि घासणाऱ्या बाईलाही ती व्यसन वाटत नाही. निकोटिन दोन्हींत असते. रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवतात. मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद न केल्यास, साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो.

शेवटचे सुमारे दोन आठवडे दिवसाला 800 ते 1,000 कॅलरींचा, प्रथिनयुक्त व बराचसा द्रव आहार असतो. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. या आहाराने ते आकसते व दुर्बिणीला जागा मिळते. ‘आता शेवटचेच’ म्हणून या काळात होणाऱ्या मेजवान्या शल्यविशारदाचे काम अवघड करतात. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे उपकरण देतात. चेंडू फुंकून नव्हे, श्वास आत ओढून वर उचलायचे असतात. हे आधीच शिकून घेतलेले बरे.

रुग्णालयातील काळ : शस्त्रक्रिया एक ते दोन तास चालते. त्याच संध्याकाळी रुग्णाला चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे ही दुर्मीळ पण जीवघेणी गुंतागुंत आहे. साधारण दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. शिवणीतून गळती हा दुसरा धोका. नाडी 120 च्या वर जाणे, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे असून घरी गेल्यावरही ती दिसू शकतात; गॅस समजून ओवा खात बसू नये.

आहाराचे टप्पे : पहिल्या दिवसांत दर 15 मिनिटांनी 30 मिलिलीटर पाणी, पातळ ताक, वरणाचे पाणी किंवा गाळलेले सूप, तेही घोट घोट. जागेपणीच्या बारा तासांत असे दीड लिटरच्या जवळ जाता येते; विसरले तर भरून काढता येत नाही, कारण एकदम ग्लासभर पाणी पोटात मावत नाही. मग घट्ट द्रव, वाटलेले अन्न, मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. जेवणासोबत पाणी नाही. आगेमागे अर्ध्या तासाचे अंतर.

मराठी घरात आजाऱ्याला पेज, नाचणीचे सत्त्व, खिमट देतात. पोटाला ते सोसते, पण प्रथिने फार थोडी मिळतात. रोजची गरज 60 ते 80 ग्रॅम; वाटीभर शिजलेल्या डाळीतून सहा-सात, एका अंड्यातून सहा, 50 ग्रॅम पनीरमधून नऊच्या आसपास ग्रॅम मिळतात, आणि सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटीच जाते. म्हणून शाकाहारींना काही महिने प्रथिनांची पावडर टाळता येत नाही. मासे खाणाऱ्यांना वाफवलेला मऊ मासा लवकर चालतो. ठाण्याच्या मामलेदारसारखी झणझणीत मिसळ बराच काळ बंद.

उपवासाचा प्रश्न ठाण्यातील टेंभी नाक्यासारख्या ठिकाणी दरवर्षी उभा राहतो. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या तेथील नवरात्रोत्सवाच्या काळात आसपासच्या अनेक घरांत नऊ दिवसांचे उपवास असतात. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. गोड खीर किंवा मोठा घास बायपास झालेल्याच्या आतड्यात झपाट्याने उतरला, की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात; काहींची साखर एक ते तीन तासांनी घसरते. पहिल्या वर्षी उपवास करू नये. पुढे दूध, ताक, पनीर, शेंगदाणे यांवर भर देऊन तो आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने करता येतो. निर्जळी कधीही नको.

जीवनसत्त्वे : बहुजीवनसत्त्व गोळी, बी-12, ड, लोह व कॅल्शियम जन्मभर. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात, दिवसाला 1,200 ते 1,500 मिलिग्रॅम, विभागून. लोहाशी दोन तासांचे अंतर राखून. लोहाची गोळी चहासोबत नको. सर्वांत दुर्लक्षित धोका बी-1 म्हणजे थायमिनचा. शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या होणारा रुग्ण घराजवळच्या दवाखान्यात जातो आणि त्याला ग्लुकोजचे सलाइन लागते. थायमिन आधी न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळणे ही खूण. शस्त्रक्रियेचा कागद सोबत बाळगण्याचे हे मोठे कारण.

नंतरचे महिने : बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते; कल्याण-ठाण्याहून गर्दीच्या लोकलने जाणाऱ्यांनी थोडे अधिक थांबावे. चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये. ठाण्यातील तलावपाळीसारख्या ठिकाणी सकाळची फेरी पहिल्या आठवड्यापासून चालते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात व बहुधा परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून काही महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात. बायपासनंतर काही वेदनाशामक गोळ्या जोडावर व्रण करू शकतात, दारू लवकर चढते. गर्भधारणा 12 ते 18 महिने टाळावी.

मानसिक बाजू : समुपदेशन पूर्वतयारीचा भाग मानले जाते.

परिणाम : दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या सुमारे पाव ते तिसरा भाग उतरतो, पुढे थोडे परत चढणे नेहमीचे. मधुमेह अनेकांत मागे हटतो, मात्र तो जितका जुना तितकी शक्यता कमी. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने 2025 मध्ये भारतात आली. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वजन परत चढल्यावर त्यांचा वापर होऊ लागला आहे. वजन स्थिरावल्यावर लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी करावी लागते. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी.