खडकाला चिकटलेल्या एका प्राण्याचे कूळ

१/१०
समुद्रकाठचे खडक, धक्क्यांचे खांब, जहाजांचे तळ यांवर पांढरट, खरखरीत कवचांचे थर चिकटलेले दिसतात. तो प्राणी म्हणजे बार्नॅकल. एकदा चिकटला की तो जन्मभर जागा सोडत नाही. त्याला शिंपल्यांच्या कुळात बसवावे की खेकड्यांच्या, या प्रश्नाने युरोपातील प्राणिशास्त्राला सुमारे पाऊणशे वर्षे चकवले.

२/१०
त्याआधीची समजूत तर याहून विलक्षण होती. समुद्रात वाहणाऱ्या लाकडांना लटकलेल्या देठाच्या बार्नॅकलांतून हंसजातीचे पक्षी जन्मतात, असे बाराव्या शतकात वेल्समधील धर्मगुरू जेराल्ड यांनी लिहिले. हे पक्षी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात अंडी घालत. त्यामुळे त्यांची घरटी तेथील कोणी पाहिलेली नव्हती. पक्षी मांसातून जन्मलेला नाही, म्हणून आयर्लंडमधील काही धर्माधिकारी तो उपासालाही खात, अशी नोंद जेराल्ड करतात. प्राण्याचे कूळ ठरवण्याचा प्रश्न असा थेट ताटापर्यंत पोहोचला होता.

३/१०
१७५८ मध्ये कार्ल लिनियस यांनी प्राणिसृष्टीचे सहा वर्ग केले. पाठीचा कणा नसलेल्या असंख्य प्राण्यांच्या वाट्याला त्यांतील दोनच आले : कीटक आणि कृमी. खेकडे कीटकांत गेले. गोगलगायी, शिंपले, तारामासे असे उरलेले जवळजवळ सारे कृमींत. कवच पाहून बार्नॅकललाही तेथेच, शिंपल्यांच्या शेजारी जागा मिळाली.

४/१०
पुढे पॅरिसमध्ये लामार्क यांनी या गर्दीची नव्याने मांडणी केली आणि बार्नॅकलांना स्वतंत्र वर्ग दिला. त्यांचे सहकारी जॉर्ज क्युव्हिए यांनी मात्र १८१७ च्या ग्रंथात त्यांना मृदुकाय प्राण्यांतच ठेवले. बार्नॅकलच्या पिसासारख्या पायांना सांधे असतात, हे क्युव्हिए यांच्याही नजरेस आले होते. तरीही कवचाचे पारडे जड ठरले. क्युव्हिए यांचा अधिकार एवढा मोठा होता की तो निर्णय सहज हलणारा नव्हता.

५/१०
तो हलवला आयर्लंडच्या कॉर्क बंदरातील एका लष्करी शल्यचिकित्सकाने. जॉन व्हॉन थॉम्पसन फावल्या वेळात बारीक विणीचे जाळे पाण्यातून ओढत आणि त्यात सापडलेले सूक्ष्म जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १८२६ च्या वसंतात त्यांना काही चिमुकले, पोहणारे, पारदर्शक जीव मिळाले. त्यांचे रूप सरळसरळ कवचधारी प्राण्यांचे, म्हणजे खेकडे व कोळंबी यांच्या गोताचे होते.

६/१०
थॉम्पसन यांनी ते समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवले. काही दिवसांनी त्यांतील काहींनी कात टाकली आणि ते पात्राच्या तळाला घट्ट चिकटून बसले. चिकटलेले ते जीव बार्नॅकलची पिले होती! शिंपला आपल्या बालपणी असा पाय मारत पोहत नाही आणि कातही टाकत नाही.

७/१०
१८३० मध्ये कॉर्कमध्येच छापलेल्या आपल्या ग्रंथमालेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. १८३४ मध्ये जर्मनीच्या हेर्मान बुर्माइस्टर यांच्या अभ्यासाने त्याला पुष्टी मिळाली. बार्नॅकल कवचधारी प्राण्यांत आले.

८/१०
१८३६ मध्ये थॉम्पसन यांनी आणखी अवघड कोडे सोडवले. खेकड्याच्या पोटाखाली सॅक्युलिना नावाचे एक परजीवी वाढते. पूर्ण वाढीत ते केवळ एक पिशवी असते; पाय नाहीत, सांधे नाहीत, कवच नाही. अंगलक्षणांवरून त्याचे कूळ सांगणे अशक्यच. त्याचे डिंभ मात्र बार्नॅकलच्या डिंभांसारखे निघाले. प्रौढ शरीराने पुसून टाकलेली ओळख बालरूपाने जपली होती.

९/१०
याच सुमारास, १८३५ मध्ये, चार्ल्स डार्विन यांना चिलीच्या किनाऱ्यावर एका शंखात भोक पाडून राहणारे सूक्ष्म बार्नॅकल सापडले. १८४६ मध्ये त्याचे वर्णन करायला बसलेले डार्विन पुढची आठ वर्षे याच गटाच्या विच्छेदनात गढून गेले. काही जातींत मादीला चिकटून राहणारे अतिसूक्ष्म नर त्यांना आढळले. काहींत उभयलिंगी प्राण्यालाही असे नर चिकटलेले होते. कोणताही अवयव स्थिर नाही, प्रत्येक जातीत थोडा थोडा फरक आहे, हे त्यांनी हाताळून पाहिले. १८५९ च्या त्यांच्या उत्क्रांतिविषयक ग्रंथामागे या आठ वर्षांची शिदोरी होती. त्यातच त्यांनी म्हटले की खरे वर्गीकरण म्हणजे वंशावळ.

१०/१०
थॉम्पसन १८४७ मध्ये दूर सिडनीत निवर्तले. तो ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. पण अंगलक्षणे पाहायची ती एका वयातली नव्हे, साऱ्या आयुष्यक्रमातली, हा धडा त्यांच्या काचपात्राने आधीच दिला होता. आजही बार्नॅकलचे नाव पाठ्यपुस्तकांत खेकडे आणि कोळंबी यांच्याच पंगतीला असते.