राष्ट्रीय ऐक्य आणि समान भाषा : पूर्व पाकिस्तानातील भाषाप्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४७-१९७१)

प्रस्तावना :

राष्ट्र एकसंध राहावयाचे असेल तर त्याची भाषा एकच असली पाहिजे, हा विचार एकोणिसाव्या शतकातील युरोपीय राष्ट्रवादातून पुढे आला आणि आशियातील नवस्वतंत्र देशांतील अनेक नेत्यांनी तो फारसा न तपासता स्वीकारला. ‘भाषा एक नाही, तर देश एक कसा?’ हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात विद्यार्थीही हमखास विचारतात. त्याचे केवळ तात्त्विक उत्तर पुरेसे ठरत नाही. म्हणून ज्या राष्ट्राने हा विचार प्रत्यक्ष अमलात आणू पाहिला, त्या पाकिस्तानच्या पहिल्या चोवीस वर्षांच्या आधारे प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

भाषाप्रश्नाचा उगम :

१९४७ मध्ये निर्माण झालेल्या पाकिस्तानात बंगाली ही निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा होती. उर्दू मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण १९५१ च्या जनगणनेनुसार अगदी अल्प होते. पंजाबी, सिंधी, पुश्तू बोलणाऱ्यांचीही ती घरची भाषा नव्हती. तथापि, उर्दू ही उपखंडातील मुस्लिम अस्मितेची खूण मानली गेल्यामुळे तिला राष्ट्रभाषेचा मान मिळावा, असे मुस्लिम लीगच्या नेतृत्वास वाटत होते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कराची येथील संविधान सभेत कुमिल्लाचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी एक साधी दुरुस्ती सुचविली. सभेच्या कामकाजात इंग्रजी व उर्दूबरोबर बंगालीचाही वापर व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. उर्दू काढून टाका, असे ते म्हणत नव्हते. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मात्र या मागणीत राष्ट्र फोडण्याचा हेतू पाहिला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. पुढील महिन्यात, २१ मार्च रोजी, ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर महंमद अली जीना यांनी पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू आणि केवळ उर्दूच राहील, असे घोषित केले. जीनांचे हे भाषण इंग्रजीत होते आणि त्यांच्या घराण्याची भाषा गुजराती होती, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. बंगाली अरबी लिपीत लिहिण्याचा सरकारी प्रस्तावही याच काळातील होय.

२१ फेब्रुवारी १९५२ व त्यानंतर :

जानेवारी १९५२ मध्ये पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी ढाक्यातच त्या घोषणेचा पुनरुच्चार केला. २१ फेब्रुवारी रोजी जमावबंदी मोडून विद्यार्थी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात रफिक, बरकत, जब्बार आदी तरुण बळी पडले. दोनच वर्षांनी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा पूर्व बंगालमधून जवळजवळ नामशेष होण्याइतका पराभव झाला. लोकांनी धर्म सोडला नव्हता. धर्माच्या नावाने आपल्या भाषेला कमी लेखणारा पक्ष मात्र सोडला.

येथे एक अडचण उभी राहते व ती टाळून चालणार नाही. १९५६ च्या संविधानाने उर्दूबरोबर बंगालीलाही राष्ट्रभाषा म्हणून मान्यता दिली. मग देश १९७१ मध्ये का फुटला? केवळ भाषेमुळे फुटला, हे प्रचलित विधान त्यामुळे अपुरे ठरते. तागाच्या निर्यातीतून मिळणारे परकीय चलन पश्चिमेकडे खर्च होणे, लष्कर व प्रशासनात बंगाल्यांचे नगण्य प्रमाण, १९५८ ची लष्करी राजवट ही कारणे तितकीच प्रबळ होती. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या, तरीही सत्ता सोपविली गेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, भाषाप्रश्नाने या विखुरलेल्या तक्रारींना एक नाव दिले. मान्यता मिळाली ती रक्त सांडल्यावर. ती हक्क म्हणून नव्हे, तर माघार म्हणून मिळाली, हे लोक विसरले नाहीत. धीरेंद्रनाथ दत्त यांना मार्च १९७१ मध्ये लष्कराने कुमिल्लाच्या राहत्या घरातून नेले. ते परतले नाहीत.

भारताशी तुलना :

भारतीय नेतृत्वही याबाबत प्रारंभी साशंकच होते. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेस विरोध केला होता. पोट्टी श्रीरामुलू यांचे बलिदान आणि संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे पाहता आपल्याकडेही हा प्रश्न शांततेने सुटला, असे म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही भाषिक राज्यांचे समर्थन करताना, प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा झाल्यास ऐक्यास बाधा येईल, अशी भीती १९५५ मध्ये व्यक्त केली होती. ती भीती खरी ठरली नाही. आंध्र, महाराष्ट्र वा गुजरात भाषिक राज्ये झाल्यामुळे देशापासून दुरावले नाहीत. हिंदीबरोबर इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची १९६७ ची तरतूद कोणासही पूर्ण समाधान देणारी नव्हती, परंतु तिने मद्रासमधील असंतोषाला संसदीय वाट मोकळी ठेवली.

बांगलादेशातील पुनरावृत्ती :

भाषेसाठी लढलेल्या बांगलादेशानेही हा धडा पूर्णपणे घेतला, असे दिसत नाही. १९७२ मध्ये संविधान सभेत सर्व नागरिकांना ‘बंगाली’ संबोधण्यात आले, तेव्हा चितगाव डोंगराळ प्रदेशाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी आपण चकमा आहोत, बंगाली नव्हे, असे सांगून सभात्याग केला. पुढे त्या डोंगराळ प्रदेशात सशस्त्र संघर्ष पेटला आणि त्यावरील करार होण्यास डिसेंबर १९९७ उजाडावे लागले. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून युनेस्कोने घोषित केला, तो त्यानंतर दोन वर्षांनी.