नारिंगाचा हरवलेला ‘न’

इटालियन भाषेंत नारिंगाच्या फळास ‘अरांचा’, झाडास ‘अरांचो’ व रंगास ‘अरांचोने’ म्हणतात. हे शब्द सोनें या अर्थाच्या लॅटिन ‘औरुम्’पासून निघाले, असें आम्ही कित्येक वर्षें वर्गांत बेधडक सांगत होतों. तें चुकीचें होतें, हें येथें कबूल केलेलें बरें. मूळ शब्द संस्कृत ‘नारंग’. तोहि द्राविड भाषांतून आला असावा, असें पंडित मानतात. फारसी ‘नारंग’ व अरबी ‘नारंज’ होऊन, आंबट नारिंगाबरोबर तो अरबांच्या हातीं सिसिलींत पोंचला.

मग ‘न’ कोठें गेला? तो उपपदानें चोरला! ‘ऊना नारांचा’ म्हणतां म्हणतां दोन ‘न’ एकमेकांत मिसळले आणि ‘उन् अरांचा’ उरलें. व्हेनिसच्या बोलींत मात्र ‘नारान्झा’ शाबूत आहे. सोन्याचा संबंध मागाहूनचा; फळाच्या झळाळीवर भुलून मध्ययुगीन लॅटिनांत ‘औरांतियुम्’ असें रूप रूढ झालें, आणि त्यावर आमच्यासारखे भुलले.

पुढें १६ व्या शतकांत पोर्तुगीज व्यापारामुळें गोड नारिंगाचा प्रसार झाला. म्हणून नेपल्सच्या बोलींत तें ‘पुर्तुआल्लो’, म्हणजे पोर्तुगालचें. रंगाचें नांव, आपल्या ‘नारिंगी’प्रमाणेंच, फळामागून आलें. ‘ओने’ हा प्रत्यय एरव्हीं मोठेपणा दाखवितो, येथें रंग. तरी पुष्कळ इटालियन लोक रंगालाहि ‘अरांचो’ म्हणतात, बोलतांना फळालाहि; व्याकरणकार कुरकुरतात, एवढेंच.