कॉफीच्या किटलीतून निघालेला ट्राउट

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्यावर हजारो लहान तळी आहेत. हिमयुगातील बर्फाने खडक खरवडून ती घडवली. खालच्या नद्यांतील मासे धबधब्यांमुळे तिथवर चढू शकले नाहीत, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यांतल्या बहुतेक तळ्यांत एकही मासा नव्हता. आज तिथे गळाला लागणारे ट्राउट हे माणसांनी पाठीवरून आणि खेचरांवरून वर नेलेल्या माशांचे वंशज आहेत.

त्यांतला सर्वांत देखणा गोल्डन ट्राउट. त्याच्या कुशी सोनेरी आणि पोट लालभडक असते. इतर ट्राउटमध्ये वयाबरोबर पुसट होणारे अंगावरचे काळसर पट्टे याच्यात मोठेपणीही टिकतात. त्याचे मूळ घर फार छोटे आहे: केर्न नदीच्या दक्षिण शाखेचा वरचा भाग आणि शेजारचा गोल्डन ट्राउट ओढा. ओढ्यात तो वीतभराहून फारसा मोठा होत नाही.

1876 मध्ये शर्मन स्टीव्हन्स आणि त्याच्या सोबत्यांनी मल्की ओढ्यातले डझनभर मासे पकडून कॉफीच्या किटलीत घातले आणि पर्वताची धार ओलांडून कॉटनवुड ओढ्यात सोडले. या ओढ्याकाठी स्टीव्हन्सची लाकूड कापण्याची गिरणी होती, पण ओढ्यात मासे नव्हते. मल्कीचे पाणी पश्चिमेकडे केर्नला मिळते, तर कॉटनवुडचे पूर्वेला ओवेन्स सरोवराच्या कोरड्या खोऱ्यात उतरते. हे मासे आपणहून तिथे कधीच पोचले नसते. तरी ते जगले आणि वाढले. 1891 मध्ये त्याच ओढ्यातले मासे आणखी वर, सुमारे 11,000 फुटांवरच्या कॉटनवुड तळ्यांत नेण्यात आले.

अशा कामात मासा कसा पकडला जातो, यावर सगळे अवलंबून असते. गांडूळ लावलेला गळ मासा गिळतो, काटा घशात रुततो आणि असा मासा पुढच्या मुक्कामापर्यंत टिकत नाही. पिसे आणि दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी मात्र तो बहुधा ओठानेच टिपतो. गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकला किंवा पकडीने दाबला, तर मासा जवळजवळ अक्षत सुटतो. उंचावरचा उन्हाळा अगदी तोकडा. तेवढ्यात पोट भरायचे असल्याने गोल्डन ट्राउट पाण्यावर पडलेल्या बारीकशा माशीवरही झेपावतो. शौक म्हणून वाढलेली कृत्रिम माशीने मासे पकडण्याची कला म्हणूनच जिवंत मासे हलवण्याच्या कामाची ठरते.

पुढचा प्रवास खेचरांवर आणि दुधाच्या कॅनमधून होई. खेचर चालत असेपर्यंत पाणी हेलकावत राही आणि त्यात हवा मिसळत जाई. खरा धोका थांब्यांवर असे. मुक्कामाला पाणी ढवळावे लागे, बदलावे लागे. मोठ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून लहान मासे नेणे सोयीचे. आपल्याकडे तलावात बोटुकली सोडणाऱ्यांनाही हेच गणित ठाऊक आहे. फक्त कॅनच्या जागी आता प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आली.

गोल्डन ट्राउटला प्रसिद्धी मिळाली ती स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट या लेखकामुळे. या माशाची नासाडी होईल अशी भीती त्याने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या कानावर घातली. 1904 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ बार्टन एव्हरमन यांना पाहणीसाठी धाडण्यात आले, आणि तिथल्या एका ट्राउटला त्यांनी रूझवेल्ट यांचेच नाव दिले. राजाश्रयाचा हा जुना मार्ग अमेरिकेतही चालला.

1917 मध्ये सिएराच्या पायथ्याशी माउंट व्हिटनी मत्स्यबीज केंद्र उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी कॉटनवुड तळ्यांतून अंडी गोळा करण्याचे काम सुरू झाले. किटलीतून आलेल्या डझनभर माशांची प्रजा आता साऱ्या पर्वताला बीज पुरवू लागली. गोल्डन ट्राउट इतर राज्यांतही गेला. वायोमिंगमधल्या कुक तळ्यात 1948 साली 11 पौंडांचा मासा गळाला लागला आणि विक्रम झाला. ओढ्यातल्या त्याच्या भाऊबंदांना हे वजन स्वप्नवत आहे. त्याआधी 1947 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला राज्यमासा ठरवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर खेचरांची जागा विमानांनी घेतली आणि तळ्यांवर आकाशातून पिल्ले सोडली जाऊ लागली.

पण सारे बीज एका जागेवरून घेतले की त्या जागेचा दोषही सर्वत्र पसरतो. पुढे जनुकीय तपासणीत कॉटनवुडच्या माशांत रेनबो ट्राउटचा संकर आढळला. मूळ घरातही संकट होतेच. बाहेरून आणलेला ब्राउन ट्राउट केर्नच्या दक्षिण शाखेत शिरून गोल्डन ट्राउटला खात होता. त्याला अडवायला नदीत बंधारे बांधावे लागले, विषारी द्रव्य टाकून प्रवाह मोकळा करावा लागला आणि तिथे पुन्हा गोल्डन ट्राउट सोडावे लागले. नव्या तळ्यांत मासे पोचवण्यावर जेवढी हौस खर्च झाली, तिच्या निम्मी जरी मूळ ओढे सांभाळण्यात गेली असती, तरी हा खटाटोप बराच टळला असता.

सर्वांत मोठी किंमत बेडकांनी मोजली. सिएरातल्या पिवळ्या पायांच्या बेडकांच्या पिल्लांना वाढायला दोन ते चार वर्षे लागतात, त्यामुळे हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारी खोल तळीच त्यांना हवी असतात. नेमक्या त्याच तळ्यांत ट्राउट सोडले गेले आणि त्यांनी बेडकांची पिल्ले फस्त केली. पुढे बेडकांत बुरशीचा रोगही पसरला. 2014 मध्ये या बेडकांची नोंद अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत झाली. राष्ट्रीय उद्यानांचे कर्मचारी आता निवडक तळ्यांत जाळी लावून ट्राउट काढून टाकतात, आणि मासे काढलेल्या अनेक तळ्यांत बेडकांची संख्या पुन्हा वाढली आहे.